पायाखालचा पाट

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी मोतनबाईंच्या खुब्यातला धातूचा गोळा काढला. त्या जागी काही बसवलं नाही. जखम शिवली, पायाला वजन टांगलं आणि मोतनबाईंना वॉर्डात आणलं. गोळा माझ्या बायकोनं, शालिनीनं, धुऊन ताटलीत ठेवला. ती ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. मी प्लास्टरच्या खोलीत काम करत होतो.

शालिनी मागच्या माघात गेली. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा नाही म्हणणार होतो. मग वाटलं, ज्या कामात आम्ही दोघं बरोबर होतो त्याबद्दल लिहावं. दिवसाकाठी एक पान होतं. कुठलाही पेशंट आठवायला बसलो की आधी ती येते, पेशंट मागून येतो. म्हणून वेळ लागतो.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. आमचं हॉस्पिटल खाजगी, पंधरा खाटांचं. डॉक्टर मुंबईला हाडांचं शिकून आले होते आणि परत जायचं सोडून इथंच राहिले. मी इंटरपर्यंत शिकून शाळामास्तर व्हायला निघालेला माणूस. डॉक्टरांच्या पुस्तकांची यादी करायला म्हणून आलो आणि प्लास्टरच्या खोलीत अडकलो. प्लास्टर घालणं, कापणं, काठ्या-कुबड्या मापानं करून देणं आणि आखूड पायाच्या माणसाला उंच तळव्याचा जोडा शिवून देणं, हे माझं काम. जोडे शिवायला मी हॉस्पिटलसमोरच्या एका मोची काकांकडे शिकलो. त्यांनी शेवटपर्यंत मला बरा विद्यार्थी मानलं नाही.

खुब्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, कमरेच्या हाडात एक वाटी असते. गोळा वाटीत फिरतो म्हणून माणूस चालतो, बसतो, मांडी घालतो. म्हातारपणी पडल्यावर बहुतेकदा गोळ्याची मान मोडते आणि ती जुळत नाही. त्या सुमाराला मोठ्या शहरांतून नवी सोय निघाली होती. मोडका गोळा काढायचा आणि त्याच्या जागी धातूचा बसवायचा. त्या धातूच्या गोळ्याला खाली एक लांब दांडी असते, ती मांडीच्या हाडात ठोकतात. लोक खरोखर उठून चालू लागत. मोतनबाईंचंही तसंच झालं होतं. केळीच्या बागेत ओल्या बांधावरून घसरल्या, मुंबईला नेलं, गोळा बसला आणि तीन वर्षं त्या छान हिंडल्या-फिरल्या. ते काम चोख होतं.

चौथ्या वर्षी मांडी दुखू लागली. एक्स-रे काढला तेव्हा दांडीभोवतीचं हाड विरलेलं दिसलं. डॉक्टरांनी त्यांच्या नवऱ्याला, अंबालालभाईंना, ते असं समजावलं, की बैल बांधायची खुंटी जमिनीत रोवली आणि बैलानं रोज हिसका दिला तर भोक मोठं होत जातं. खुंटी हलायला लागते. मग त्याच भोकात तीच खुंटी कितीही ठोका, धरत नाही. शेतकरी दुसऱ्या जागी रोवतो. हाडाला दुसरी जागा नसते. अंबालालभाईंना हे एका दमात कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग जाड खुंटी? डॉक्टर म्हणाले, जाड खुंटीला धरायला भोवती माती तरी पाहिजे.

म्हणजे उरला एकच मार्ग. गोळा काढून घ्यायचा, जागा मोकळी ठेवायची आणि सहा आठवडे पाय वजनानं ताणून धरायचा. तेवढ्या काळात त्या पोकळीत घट्ट मांस भरतं आणि त्याच्या आधारानं माणूस पुढं चालतो. दुखणं जातं. खाली बसता येतं, मांडी घालता येते. पाय मात्र दोन-तीन बोटं आखूड होतो आणि खुबा थोडा डुगडुगतो.

मोतनबाई तापीकाठच्या गुजर घरातल्या. लोणखेड्याच्या पुढं त्यांचं गाव. केळी, कापूस, ऊस आणि एका चुलीवर वीस-बावीस माणसांचं जेवण. वय पन्नासच्या वर. उन्हाळ्यात बिबडे करायचे झाले की गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांना बोलवायच्या. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. त्यांचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजवताना लांब दांडक्यानं सारखा घोटावा लागतो, उभं राहून, दोन्ही पाय रोवून. थांबलं की गुठळ्या. घाटा मोतनबाईंनी घोटला तर बिबडा तुटत नाही, असं सगळ्या धरून चालत. पाय गेल्यापासून त्यांची खाट ओट्यावर टाकली होती आणि चूल धाकट्या जावेकडे गेली होती.

घरात त्या गुजरी बोलत, आमच्याशी अहिराणीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना दुखण्याबद्दल काही विचारलं नाही.

"गोळा काढी टाका. पन माले चुल्हापुढे जाता येई का, इतलं सांगा."

डॉक्टरांनी आधी पाय आखूड होईल ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत तेच विचारलं. चुलीपासून उठलेली बाई स्वतःच्या घरात पाहुणी होते, असंही त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पाय आखूड करणं माझं काम. तो जमिनीला लावणं याचं काम. चुलीपुढचं हा सांगेल."

मी हो म्हणालो. जोडा करून देईन, चालाल, म्हणालो. किती सहज म्हणालो ते नंतर कळलं.

सहा आठवडे विटा टांगलेल्या होत्या. आमच्याकडे वजनं म्हणजे विटाच. दोरी पायाला, कप्पीवरून खाटेबाहेर, आणि टोकाला विटा. पहिल्या आठवड्यात रोज दुपारी विटा खाटेशेजारच्या स्टुलावर सापडायच्या. मी परत टांगायचो, दुसऱ्या दुपारी परत स्टुलावर. शेवटी अंबालालभाईंनी कबूल केलं. बाई जेवत असताना कोणी तिचा पाय ओढत राहतं हे त्यांना बघवत नव्हतं. जेवणापुरत्या उचलून ठेवत होते. डॉक्टर संतापले. शालिनीनं मात्र मोतनबाईंच्या सासूला बाजूला बसवलं आणि सांगितलं, की या विटा आतली जागा राखून धरतात, कुणी काढल्या तर पाय आणखी आखडेल. म्हातारी ऐंशीच्या घरातली. दुसऱ्या दिवसापासून तिनं काठी घेऊन विटांशेजारी ठाण मांडलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी दोरी बघायला हात पुढं केला, तर तिनं त्यांच्यावरही काठी उगारली.

मग जोड्याचं माप. पाय किती आखूड आहे ते फूटपट्टीनं कळतं, पण खरं माप उभं करून घ्यायचं असतं. आखूड पायाखाली एकेक पातळ थर ठेवत जायचं, कंबर दोन्हीकडे सारखी दिसेपर्यंत. मला पहिल्या दिवसांत त्यासाठी सोयीची वाटली ती पुस्तकं. बांधलेली मासिकं, सारख्या जाडीची, खोलीत रचून ठेवलेली. मी ती जमिनीवर ठेवली आणि पेशंटला म्हटलं, यावर उभे राहा. तो माणूस वाकला, मासिकांना हात लावून कपाळाला लावला आणि बाजूला सरकला. पुस्तकांवर ज्याचं पोट भरतं त्यानं ती माणसांच्या पायाखाली घातली, हे शालिनीनं पुढं वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगितलं. सुताराकडून सागाच्या पातळ फळ्या करून घेतल्या त्या तेव्हाच.

मोतनबाईंना अडीच इंच लागले. मी मुंबईहून बूच मागवलं, म्हणजे हलकं लाकडी बूच, बाटलीचं असतं तसलं, पण फळीएवढं. त्यावर काळं चामडं चढवलं, आत मऊ पॅड, वर बंद. माझ्या हातून झालेला तोवरचा सगळ्यात देखणा जोडा. मोची काकांनासुद्धा त्यात खोट काढता आली नाही. मोतनबाई तो घालून हातात काठी धरून आमच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. दुखणं नव्हतं. वॉर्डातल्या बायका खाटांवर उठून बसल्या बघायला.

डॉक्टरांची एक वही होती. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाचं पुढं काय झालं ते तिच्यात लिहायचं. दुखतं का, चालतो का, काठी लागते का. आम्ही तिला निकालवही म्हणायचो. मोतनबाईंच्या पानावर मी लिहिलं, निकाल उत्तम.

तीन महिन्यांनी त्या तपासायला यायच्या होत्या, आल्या नाहीत. शालिनी म्हणाली, आपण जाऊ. मी म्हणालो, येतील, बरं असलं की लोक येत नाहीत. ती म्हणाली, बरं नसलं तरी येत नाहीत. एका रविवारी आम्ही एसटीनं शहाद्याला उतरलो आणि पुढं बैलगाडीनं गेलो. बायकांच्या मांडीचं, खुब्याचं माप पुरुषानं घ्यायचं नाही, हा शिरस्ता होता. वॉर्डात ते काम शालिनी करायची. त्यामुळे ती बरोबर आली त्यात नवल नव्हतं. पण ती आली नसती तर मला ओट्यावर चहा देऊन, सगळं बरं आहे सांगून परत पाठवलं असतं, आणि मी वहीत उत्तमवर आणखी एक उत्तम चढवला असता.

ओट्यावर खाट तशीच होती. शालिनी आत गेली. मी अंबालालभाईंशी केळीच्या घडांबद्दल बोलत बसलो. बराच वेळ गेला. मग आतून तिनं मला बोलावलं, सरळ, घरातल्या बायकांसमोर. तिनं असं कधी केलं नव्हतं.

जोडा देवळीत होता. स्वच्छ फडक्यात बांधलेला, वर हळदकुंकवाचं बोट. दसऱ्याला पूजा झाली होती त्याची. चामड्यावर एक ओरखडा नव्हता. मोतनबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि बसल्या बसल्या हातांवर रेटत घरात फिरत होत्या. उभं राहायचं झालं तर भिंत धरून, आखूड पायाची नुसती बोटं टेकवून. टाच खाली यायची विसरली होती. टाचेमागची शीर आखडत चालली होती. दुखणं मात्र खरंच नव्हतं. वहीतला पहिला प्रश्न दुखण्याचाच होता.

मी विचारलं, जोडा का घातला नाही. मला रागच आला होता. मोतनबाई म्हणाल्या, "दादा, इतला भारी जोडा, त्यानी माटी कसाले लावू? कपडामा बांधी ठेयेल शे." आणि हसल्या. मग हसू आवरून त्यांनी खरं सांगितलं. "चामडं पायमा घालीसन चुल्हापुढे कशी जाऊ? तुम्हनी माय जास का?"

माझी आई धुळ्याला राहायची. तिच्या स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मी जन्मभर चपला काढल्या होत्या. हॉस्पिटलातून घरी आल्यावर रोज शालिनीच्या चुलीपाशी अनवाणी जेवायला बसत होतो. पाच वर्षं मी या मुलखातल्या बायकांसाठी जोडे शिवत होतो आणि त्या ते कुठं घालणार, हा विचार एकदाही केला नव्हता. ओटा ते अंगण, अंगण ते देऊळ, देवळाबाहेर काढायचा. शेतात काढायचा. घरात काढायचा. बाईचा सगळा दिवस जिथं जातो तिथं तो जोडा काढूनच जायचं. तो घालायची एकच जागा या जगात होती, ती म्हणजे आमचा व्हरांडा.

मी उठून निघायच्या बेतात होतो. शालिनी सासूबाईंजवळ बसली. चामडं चालत नाही हे कबूल, मग काय चालतं, असं तिनं विचारलं. काच, पितळ, दगड, कापड, एकेक नाव घेत गेली, जसं काही भाजीच्या बाजारात भाव करतेय. लाकूड म्हटल्यावर म्हातारी थांबली. बराच विचार केला. मग म्हणाली, "लाकूडले काय शे? पाट लाकूडना, पोळपाट लाकूडना. लाकूड चुल्हामा बी जास. मंग चुल्हापुढे गयं ते काय बिघडनं?"

एवढंच. धाकट्या जावेनं काही हरकत घेतली नाही. तिला बहुतेक चुलीचा कंटाळाच आला होता.

शालिनीनं तिथंच नवं माप घेतलं. अडीचचे तीन इंच झाले होते. चालायला लागल्यावर मांस आणखी दबतं आणि पाय आणखी थोडा वर सरकतो, हे डॉक्टरांनाही मग नीट उमगलं. म्हणजे जोडा घातला असता तरी तो अपुरा पडला असता. टाच खाली आणण्यासाठी मोतनबाईंकडून करून घ्यायचा व्यायाम तिनं सासूला शिकवला. म्हातारीची काठी तिला चांगली ठाऊक होती.

परतताना गाडीत मी हिशेब मांडला. वहीत किती जणांपुढं मी उत्तम लिहिलंय, ते मनात मोजत होतो. मोतनबाईंच्या पायाला बांधायच्या पाटासाठी लाकूड शोधून, कापून, वाळवून तयार व्हायला महिना-दीड महिना जाणार होता. तेवढ्यात आम्ही इतरांकडे जाऊन यायचं ठरवलं.

खांडबाऱ्याला एक मारवाडी शेठ होते. कापडाचं दुकान, स्टेशनच्या रस्त्याला. त्यांचाही पहिला गोळा ढिला झाला होता, पण हाड मोतनबाईंपेक्षा बरं शिल्लक होतं. मुंबईत त्यांच्याच कमरेतून हाडाचे तुकडे घेऊन पोकळीत भरले आणि जास्त लांब दांडीचा दुसरा गोळा बसवला. असं काम तेव्हा फार थोड्या ठिकाणी होत असे. आम्ही फक्त पुढची देखरेख करत होतो. त्यांना सक्त ताकीद होती, मांडी घालायची नाही, नाहीतर गोळा निसटेल. एकदा निसटलाही होता, आणि पाय ओढून बसवताना डॉक्टरांना घाम फुटला होता. शेठनी देवाची शपथ घेऊन खुर्चीवर बसायचं कबूल केलं. आम्ही न कळवता गेलो, तर शेठ गादीवर, पांढऱ्या तक्क्याला टेकून बसलेले. शालिनी रागावली. शेठ म्हणाले, "बाई, खुर्चीवर बसलो तर गिऱ्हाईकाला वाटतं मी नोकर आहे आणि शेठ बाहेर गेलाय." मग त्यांनी मांडीवरची चादर उचलून दाखवली. गादीच्या मधोमध जमिनीत खड्डा खणला होता, विणकर मागाखाली खणतो तसा. शेठ काठावर बसून पाय खाली सोडून होते, वर चादर. समोरून बघणाऱ्याला मांडी घातलेले शेठ. वर्षभर हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गोळा जागच्या जागी होता. मी घरी येऊन वहीत उत्तम तसाच ठेवला आणि खाली खड्ड्याचं माप लिहिलं. पुढं दोन दुकानदारांना ते कामी आलं.

मोलगीला गेलो ते आठवडे बाजाराच्या दिवशी, कारण डोंगरातल्या माणसाला घरी गाठणं म्हणजे दिवसभराची चाल. एक पावरा आदिवासी गृहस्थ होते, त्यांचाही खुबा आम्ही मोकळा ठेवला होता. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, एका मिठाच्या दुकानदारानं दुभाष्याचं काम केलं. जोडा कुठं आहे विचारलं तर त्यांनी जोडा नातवाला खेळायला दिला होता. चालता कसे विचारलं, तर त्यांनी सगळ्या बाजारासमोर समजावून सांगितलं, की डोंगराच्या कडेनं येताना आखूड पाय चढाच्या बाजूला पडतो, तेव्हा दोन्ही पाय सारखेच. अडचण परतताना होते. मग काय करता? ते म्हणाले, दुसऱ्या अंगानं डोंगराला वळसा घालून जातो. बाजार हसला, तेही हसले. वाट दुप्पट होती. पण ते दर आठवड्याला येत होते, बांबूची काठी टेकत, पाठीवर ओझं घेऊन. त्यांना जोड्याची गरज होती असं मला त्या दिवसानंतर वाटलं नाही.

पांगाऱ्याचं लाकूड सगळ्यात हलकं मिळालं. पहिला पाट मी बुटासारखाच कोरला आणि तो फुकट गेला. शालिनीनं माझ्या टेबलाशी उभं राहून तो स्वतः पायाला बांधला, आमच्या स्वैपाकघरात चार पावलं टाकली आणि ओल्या फरशीवर घसरली. लागलं नाही. पण सारवलेल्या जमिनीवर मोतनबाई घसरल्या असत्या तर सगळंच संपलं असतं. दुसरा पाट रुंद केला, खालून अंबाडीच्या सुतळीची पट्टी गुंडाळून आवळली. वर चामड्याचा बंद चालणार नव्हता, म्हणून खाटेची नवार कापून तिचे बंद शिवले. खिळे लोखंडाचे चालतील का, हेही शालिनीनं निरोप पाठवून विचारून घेतलं. चालले.

पाट पोचवला तो थंडी सरताना. मोतनबाईंची टाच खाली आली होती, म्हातारीनं काम चोख केलं होतं. पहिल्या दिवशी त्या ओट्यापासून चुलीपर्यंत काठी आणि जावेचा खांदा धरून गेल्या. चालताना पाट वाजायचा. जाऊ म्हणाली, "आते बाई ई ऱ्हायनी, हाई आधीच आयकू येस. पळाले वेळ भेटी." सगळ्या हसल्या. मोतनबाईंनी चुलीपुढं बसून एक भाकरी थापली, ती थोडी जळली, आणि त्यांनी ती म्हातारीच्या ताटात वाढली. मी उंबऱ्याबाहेर होतो. शालिनी आत होती.

मी तेव्हा वहीत काहीच लिहिलं नाही. चुलीपुढं बसणं एक आणि घाटा घोटणं दुसरं. मोतनबाईंनी आम्हाला उन्हाळ्यात यायला सांगितलं. डॉक्टरही येतो म्हणाले. इतक्या वर्षांत पेशंटच्या घरी स्वैपाक बघायला ते पहिल्यांदाच निघाले होते.

गेलो तेव्हा ऊन चढायचं होतं. अंगणात तीन दगडांच्या मोठ्या चुलीवर पातेलं होतं आणि घाटा रटरटत होता. भोवती गल्लीतल्या बायका, ओल्या धोतराच्या फडक्यांवर बिबडे थापायला खाटा मांडून बसलेल्या. कुणीच घोटायला पुढं झालेलं नव्हतं. मोतनबाई घरातून आल्या. काठी त्यांनी दाराशी टेकवून ठेवली. डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते. त्यांना खुब्याची भीती वाटत होती. मला पाटाची. तो हलला, बंद सुटला, सुतळी सरकली, तर समोर उकळता घाटा होता.

त्यांनी डावा पाय रोवला, मग पाटाचा पाय थोडा बाहेर, रुंद. शालिनीनं शिकवलं होतं तसा. दांडका दोन्ही हातांत घेतला. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना कंबर एका बाजूला झोल खात होती. मग त्यांनी त्या झोलालाच दांडक्याचा ताल दिला. झोल उजवीकडे गेला की दांडका उजवीकडे. घाटा घट्ट होत गेला. बाजूच्या बाईनं मध्ये एकदा दांडका घ्यायला हात पुढं केला, मोतनबाईंनी मान हलवली. धूर डोळ्यांत जात होता, त्या डोळे पुसायला थांबल्या नाहीत. शेवटी दांडका पातेल्यात सोडला. तो उभा राहिला. घाटा झाला, त्याची खूण ती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी रीत नाही. बायकांनी घमेली पुढं केली आणि कामाला लागल्या. म्हातारी आपल्या खाटेवरून म्हणाली, मागच्या साली बिबडे जाड होते, औंदा बघा. डॉक्टरांनी माझ्याकडून वही मागितली. मोतनबाईंच्या पानावर मी आधी लिहिलेला उत्तम त्यांनी एका रेघेनं खोडला. खाली लिहिलं, घाटा घोटला. निकाल उत्तम. आणि सही केली.

त्या दिवसापासून हॉस्पिटलात नियम झाला. घरी जाऊन बघितल्याशिवाय कोणाच्याही पानावर निकाल लिहायचा नाही. हाड विरलेले पेशंट आमच्याकडे लांबून येऊ लागले, साक्री-तळोद्याहून, सीमेपलीकडून गुजरातेतून. पूर्वी ज्यांना काही उपाय नाही म्हणून परत पाठवत, त्यांतले बरेच. सगळ्यांना यश आलं नाही. एका बाईची जखम भरलीच नाही, आणि एक जण पहिल्याच महिन्यात काठी फेकून पुन्हा पडला. ती पानंही वहीत आहेत. पण बायकांसाठी मी त्यानंतर चामड्याचा जोडा एकच केला, एका शिक्षिकेला, शाळेसाठी. बाकी सगळे पाट. प्रत्येकीच्या घरी आधी शालिनी जायची, चूल कुठं, पाणी कुठं, जमीन सारवलेली की फरशी, उंबरा किती उंच, ते बघून यायची. मग मी लाकूड कापायचो.

मोतनबाई त्या पायावर वीस वर्षांहून जास्त चालल्या. मी त्यांना पाट किती वेळा बदलून दिला ते लक्षात नाही. म्हातारी सासू गेली तेव्हा तिच्या तेराव्याचा स्वैपाक त्यांनी उभ्यानं केला. दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे बिबड्यांचा डबा यायचा.

आता नाशिक-सुरतेला हाड नसलेल्या खुब्यालाही नवी वाटी बसवतात, दुसऱ्याचं हाड घालतात, माणूस आठवड्यात चालवतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं गेल्या वर्षी तसं झालं. दोन्ही पाय सारखे. मी बघून आलो आणि मला मनापासून आनंद झाला. पाट करायची आता कोणाला गरज नाही.

एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. शालिनीला मी कधी सांगितलं नाही, की त्या रविवारी तिनं मला आत बोलावलं नसतं तर मी आयुष्यभर व्हरांड्यातले निकाल लिहीत बसलो असतो. तिला ते ठाऊक असणार. तरी सांगायला हवं होतं.

डॉक्टर गेले, हॉस्पिटल बंद झालं. निकालवह्या त्यांच्या मुलानं माझ्याकडे आणून दिल्या. सात आहेत. मोतनबाईंच्या नंतरच्या सगळ्या बायकांच्या पानांवरचं अक्षर शालिनीचं आहे.